साडेसात सेंटिमीटरवर एक ठिपका

“कुणी हात लावला नाही म्हणता, मग ही पिन काय पायांनी चालत आत गेली?”

पट्टीबाईनं चिमट्यात पकडलेली स्टेपलरची मोडकी पिन औषधवाल्याच्या नाकासमोर धरली. औषधवाल्यानं चष्मा वर केला, खाली केला आणि सांगितलं, की कालपासून प्रिंटरला त्यानं बोटसुद्धा लावलेलं नाही.

“कालचं राहू द्या. परवाचं सांगा.”

मग परवाचं हळूहळू बाहेर आलं. मेव्हणा आला होता. त्याला कसल्याशा अर्जाच्या प्रती हव्या होत्या. दुकानातला कोरा कागद संपलेला, म्हणून त्यानं जुनी पत्रकं उलटी करून पाठकोरी बाजू वापरली, आणि त्यातल्या एकाला पिन तशीच राहिली. आता मेव्हणाच तो, त्याला कोण बोलणार! पट्टीबाईनं ती पिन कागदाच्या पुडीत बांधली, औषधवाल्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, मेव्हण्याची वस्तू मेव्हण्याला परत करा, आणि माझा नमस्कार सांगा.

हे तिचं रोजचं काम. लेझर प्रिंटर बिघडला की लोक तिला बोलवत. नाव तिला होतं, पण लग्नाच्या पत्रिकेनंतर ते कुणी फारसं वापरलं नव्हतं. तिच्या झोळीतून स्टीलची एक फूटभर पट्टी कायम डोकं वर काढून असायची, त्यावरून ती पट्टीबाई झाली. पन्नाशीला आलेली, बुटकी, हाडानं काटक. नखांच्या कडा बारा महिने काळ्या. ती काळी पूड साबणाला भीक घालत नाही.

तिची रीत ठरलेली. गेल्या गेल्या मशीन उघडायचं नाही. आधी एक पान काढायचं आणि ते खिडकीशी नेऊन वाचायचं. वाचायचं म्हणजे अक्षरं नव्हे, डाग. पानावर वरपासून खालपर्यंत पांढरी रेघ सुटली असेल तर आतल्या काचेवर धूळ बसलेली. काळी रेघ असेल तर ड्रमला ओरखडा, नाहीतर त्याला पुसणारी पाती चिकटलेली. छापलेलं अक्षर बोटाला लागून आलं तर तापणारा रूळ पुरता तापत नाही, किंवा कागदच ओला. आणि एकच ठिपका पानावर पुन्हा पुन्हा, सारख्या अंतरावर आला, की पट्टी बाहेर यायची. सायकलच्या टायरला डांबराचा गोळा चिकटला तर रस्त्यावर दर फेरीला एक काळा ठसा उमटतो ना, तसंच हे. आत जे जे गोल फिरतं त्याचा प्रत्येकाचा घेर वेगळा. दोन ठिपक्यांतलं अंतर मोजलं, की दुखावलंय कोण ते समजलं. साडेसात सेंटिमीटर भरलं तर ड्रम.

इथवर विद्या झाली. बाकी सगळा संशय. मशीन दाखवतं ते ती मान्य करायची, माणूस सांगतो ते कधीच नाही. वीस वर्षांत तिला एकानंही आपणहून सांगितलं नव्हतं, की हो बाई, माझ्याच हातून बिघडलं. त्यामुळे ती घरातही तशीच झाली होती. डॉक्टरनं गोळी दिली तर औषधवाल्याला विचारून घ्यायची, आणि औषधवाल्यानं दिली तर डॉक्टरला. नवऱ्यानं ताप आहे म्हटलं तर थर्मामीटर दोनदा लावायची. दुसऱ्यांदा स्वतःच्या काखेत, थर्मामीटर खरं बोलतंय ना ते बघायला.

नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं शिलाई मशीन, मागच्या खोलीत हिचे प्रिंटर. त्याच्याकडे पांढरे सदरे, हिच्याकडे काळी पूड. एका छपराखाली कोळसा आणि कापूस नांदवायचा म्हणजे काही कायदा हवाच. म्हणून दोन खोल्यांच्या मधोमध त्यानं खडूनं एक रेघ ओढली होती, रोज सकाळी ती नव्यानं ओढायचा, आणि पट्टीबाईनं हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय रेघ ओलांडायची नाही असा करार होता. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांची भांडणं झाली ती सगळी त्या रेघेवर.

आता पाहुण्यांचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे घडलं.

प्रिंटरमध्ये काळ्या पुडीचा एक डबा असतो. लोक त्याला कार्ट्रिज म्हणतात, ती डबाच म्हणायची. ड्रम त्याच्याच पोटात बसतो. पूड संपली की डबा घरी नेऊन साफ करून भरून आणायचा, आणि तेवढे दिवस गिऱ्हाइकाचं काम अडू नये म्हणून आपल्याकडचा एक जादा डबा तिथे बसवून यायचं. असे तीन जादा डबे तिनं बाळगले होते. ते आज या घरी, उद्या त्या घरी, म्हणून त्यांना ती पाहुणे म्हणायची. ओळखू यावेत म्हणून प्रत्येकाच्या दांडीला नवऱ्याच्या रिळातला लाल दोरा बांधलेला. गिऱ्हाइकाचा डबा भरून आला, की पाहुणा उठवायचा आणि झोळीत टाकायचा. उठवायला उशीर झाला की नवरा म्हणायचा, तुझा पाहुणा तिकडे घरजावई होणार बघ.

औषधवाल्याकडून ती निघाली तेवढ्यात पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातून फोन आला. खुद्द साहेबांचा. साहेब स्वतः फोन करत नसत. ते काम हेडक्लार्कचं. तिचा एक कान तिथेच टवकारला गेला.

ऑफिसात सारख्या बनावटीचे तीन प्रिंटर होते, एकाच दिवशी घेतलेले, तिळे भाऊच म्हणा. एक साहेबांच्या खोलीत, एक हेडक्लार्कच्या टेबलावर आणि एक आवक-जावकच्या खिडकीशी. त्या खिडकीशी बसणाऱ्या बाईला सगळे आवक-जावकवालीच म्हणत. तिशी-बत्तिशीची, कमी बोलणारी. नोकरी करारावर, दर वर्षी साहेबांच्या सहीनं पुढे सरकणारी, आणि यंदाची सही या महिनाअखेरीला व्हायची होती. नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या एकटीच्या जिवावर. हे सगळं ऑफिसला ठाऊक होतं, पट्टीबाईलाही.

पण पट्टीबाईच्या मनातून ती उतरली होती, आणि त्याला कारण ओला कागद. मागे तिच्या मशीनमधून पुसट, डागाळलेली पानं येत होती. पट्टीबाईनं पाहिलं तर कागदाचा गठ्ठा पाण्याच्या पिंपाशेजारी, खिडकीच्या कट्ट्यावर. खालच्या बाजूला ओल चढलेली, हाताला गार लागत होती. विचारलं तर बाई शांतपणे म्हणाली, कागद कपाटातच असतो. समोर गठ्ठा, गठ्ठ्यावर पिंपाच्या बुडाचा गोल, आणि तोंडावर ‘कपाटात असतो’. पट्टीबाईनं त्याच दिवशी मनातल्या मनात तिच्या नावावर फुली मारली.

साहेबांनी दार लावून घेतलं आणि खणातून एक पत्र काढलं. निनावी. वरच्या कार्यालयाला गेलेलं, तिथून चौकशीसाठी परत साहेबांकडेच आलेलं, पाकिटासकट. मजकूर थोडक्यात असा, की साहेबांच्या घरच्या बागेला ऑफिसच्या टँकरनं पाणी जातं आणि लोकांच्या नळाला नुसती हवा येते. साहेब म्हणाले, मजकुराकडे बघू नका. हा डावीकडचा ठिपका बघा.

पट्टीबाईनं पान खिडकीशी नेलं. डाव्या कडेपासून बोटभर आत एक ठिपका. त्याच रेषेत खाली दुसरा, तिसरा, चौथा. तिनं पट्टी लावली. साडेसात, साडेसात, साडेसात. भिंग लावलं. ठिपका गोल नव्हता. कापून टाकलेल्या नखासारखा वाकडा होता. अंतर काय, तिन्ही मशीनचं एकच येणार. पण असा वाकडा ओरखडा एका ड्रमचा एकच. माणसाच्या तोंडावरच्या व्रणासारखा.

“कुठल्या मशीनवर निघालं, सांगता येईल?” साहेबांनी विचारलं.

“न यायला काय झालं?”

हे म्हणताना तिला बरं वाटलं होतं, ते तिला नंतर फार दिवस आठवत राहिलं.

तिनं तिन्ही मशीनवर एकेक पान काढलं. साहेबांचं स्वच्छ. हेडक्लार्कच्या पानावर पांढरी रेघ, म्हणजे काचेवर धूळ, पण ठिपका नाही. आवक-जावकच्या मशीनचं पान बाहेर आलं आणि डावीकडे बोटभर आत, वरून खाली, चार कापलेली नखं. तिनं डबा बाहेर ओढला, ड्रम उजेडात तिरका धरला. होता ओरखडा. दोन्ही पानं एकावर एक धरून तिनं खिडकीला लावली. ठिपक्यावर ठिपका बसला.

“ताई, काय झालं मशीनला?” आवक-जावकवालीनं विचारलं.

“मशीनला काही नाही झालं,” पट्टीबाई म्हणाली, आणि तिच्याकडे असं बघितलं, की त्या बाईनं पुढे काही विचारलं नाही.

साहेबांनी लिहून मागितलं. तिनं लिहून दिलं, की हे पत्र आवक-जावकच्या टेबलावरच्या मशीनवर छापलेलं आहे. खाली सही. साहेबांनी चिठ्ठी घडी करून खणात ठेवली आणि म्हणाले, उद्या सकाळी ऑर्डर काढतो, महिनाअखेरीची वाट बघायची गरजच उरली नाही. शिपायानं चहा आणून ठेवला होता. तो पिऊन ती निघाली. चहात साखर बरोबर होती, आणि त्याचाही तिला थोडा संशय आला.

संध्याकाळी घरी ती रेघेच्या अलीकडे बसून डबा साफ करत होती. पलीकडे नवरा सुईत दोरा ओवत होता. त्यानं रीळ उजेडात धरलं आणि म्हणाला, “लाल दोरा संपत आला. तुझे पाहुणे दोरा खातात की काय?”

“तीन तर पाहुणे माझे. खाऊन खाऊन किती खातील?”

“मग दोनच दिसतात फळीवर.”

ती बघायला वळली. फळीवर दोनच होते. तिसरा कुठे? आणि तिच्या डोळ्यांसमोर उजेडात तिरका धरलेला तो ड्रम आला. ड्रम, त्याच्यावरचा वाकडा ओरखडा, आणि डब्याच्या दांडीला लाल दोऱ्याची गाठ. गाठ तिनं दुपारी पाहिली होती. डोळ्यांनी पाहिली होती, पण ओरखडा सापडल्याच्या आनंदात डोळ्यांनी डोक्याला कळवलंच नाही.

आवक-जावकच्या मशीनमध्ये त्या बाईचा डबा नव्हताच. पाहुणा होता.

मग पाहुणा तिथे कधी गेला? तिनं हातातला ब्रश खाली ठेवला. पाहुणा आधी साहेबांच्या खोलीत होता. साहेबांचा डबा भरायला आणला तेव्हा तो तिथे बसवला. आठवड्यानं साहेबांचा डबा परत नेला, पाहुणा काढला, झोळीत टाकणार तेवढ्यात आवक-जावकवाली म्हणाली, माझंही पुसट येतंय. म्हणून तोच पाहुणा तिच्या मशीनमध्ये बसवला, तिचा डबा घेतला आणि निघाली. टेस्ट प्रिंट न काढता निघाली. वीस वर्षांत न केलेली गोष्ट. कारण नवऱ्याचा फोनवर फोन चालला होता, की शाळेचे चाळीस पांढरे सदरे आजच पोचवायचेत, घड्या घालायला ये.

आणि दुसऱ्या दिवशी त्या बाईचा फोन आला होता. तोही आठवला, शब्दासकट. “ताई, कडेला ठिपका येतोय. तुम्ही डबा बसवल्यापासून येतोय.” तिनं काय उत्तर दिलं होतं? कागद वाळवा आधी, मग बोला.

“ते सदरे पोचवले ती तारीख कोणती हो?” तिनं रेघेपलीकडे विचारलं.

“बारा,” नवरा म्हणाला. “मरेपर्यंत पाठ राहील. तुझ्या कोपराचा काळा शिक्का पडलेला सदरा अजून त्या खुंटीवर आहे. तारखेची चिठ्ठी टोचलीय त्याला.”

सदरा खुंटीवर होता. चिठ्ठीवर बारा होतं. आणि त्या निनावी पत्राच्या पाकिटावरचा टपालाचा शिक्का होता नऊ तारखेचा. तो तिनं दुपारी स्वतः वाचला होता. नऊ तारखेला पाहुणा साहेबांच्या खोलीत होता.

संशय घ्यायची इतक्या वर्षांची सवय, पण स्वतःचा घ्यायची पाळी पहिल्यांदाच आली होती. तिला ते जमेना. शर्टाची बाही उलटी घातल्यासारखं झालं.

नवऱ्याला तिनं सगळं सांगितलं. तो बराच वेळ मशीनचं चाक हातानं मागेपुढे करत राहिला. मग म्हणाला, शिवण चुकली तर उसवायची, त्यात विचार कसला?

“विचार कसला काय! मी सही करून दिलीय. उद्या जाऊन चुकले म्हटलं तर ते ऑफिस गेलं. एकदा बोभाटा झाला की बाकीचेही विचारतील, बाई, तुमच्या पट्टीवर विश्वास ठेवायचा की नाही.”

“आणि नाही गेलीस तर?”

नाही गेली तर काहीच होणार नव्हतं, हीच खरी अडचण होती. आवक-जावकवालीचा डबा भरून तयार होता. तो नेऊन बसवायचा, पाहुणा झोळीत टाकायचा, ओरखड्यासकट घरी आणायचा आणि हातोडीनं फोडायचा. कुणाला कधी कळलं नसतं. ती बाई म्हणाली असती, मी नाही केलं. पण तसं तर सगळेच म्हणतात.

“तू जा नाहीतर नको जाऊ,” नवरा म्हणाला, “पण तुझा चेहरा असाच राहणार असेल तर रेघेच्या पलीकडेच बस. कापड डागाळेल.”

सकाळी ऑफिस उघडायच्या आधी ती फाटकावर हजर होती. फाटकावरचा वॉचमन तिच्याच जातकुळीचा: कुणावर विश्वास न ठेवणारा. ऑफिसातली कुठलीही वस्तू आत-बाहेर करायची तर तो वहीत लिहून घ्यायचा, आणि झोळीत हात घालून खात्री करून घ्यायचा. याच वहीवरून ती त्याच्याशी वर्षानुवर्षं भांडत आली होती. आज तिनंच वही मागितली. वॉचमननं वही छातीशी धरली आणि विचारलं, कशाला हवी? तिनं सांगितलं, स्वतःची चोरी पकडायचीय. हे त्याला इतकं पटलं, की त्यानं स्वतः पान काढून दिलं.

चार तारीख: एक डबा आत, साहेबांच्या खोलीतला डबा बाहेर. बारा तारीख: साहेबांचा डबा आत, आवक-जावकचा डबा बाहेर. मध्ये काही नाही. म्हणजे चार ते बारा पाहुणा साहेबांकडेच. तिनं तारखा तळहातावर लिहून घेतल्या, कारण वही फाटकाच्या आत न्यायला साहेबांच्या सहीचा पास लागेल असं वॉचमनचं म्हणणं पडलं.

साहेबांच्या टेबलावर ऑर्डर टाइप होऊन पडलेली होती. पेनाचं टोपण काढलेलं होतं.

“साहेब, सही थांबवा. माझं चुकलं.”

साहेबांनी मान वर केली. तिनं एका दमात सांगितलं: पाहुणा, चार तारीख, बारा तारीख, पाकिटावरची नऊ, फाटकावरची वही. साहेब ऐकत होते, पण त्यांच्या तोंडावर ते भाव येत गेले, जे ती स्वतः रोज गिऱ्हाइकांसमोर आणते. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, “काल संध्याकाळी ती तुम्हाला भेटली होती का?”

“कोण?”

“कोण म्हणजे? आवक-जावक. रडली असेल. बाईला बाईचा कळवळा येतो.”

पट्टीबाईला राग आला, आणि रागानं तिचं डोकं नेहमी साफ चालतं. तिनं भांडण काढलं नाही. तिनं विचारलं, “तुमच्या मशीनमध्ये कागद कुठला घालता?”

साहेब जरा फुशारले. कच्चे मसुदे ते पाठकोऱ्यावरच काढत, ऑफिसचा कागद वाचवत, आणि हे सगळ्यांनी शिकावं असं त्यांचं मत होतं. तिनं ट्रे ओढला. पाठकोऱ्यांचा गठ्ठा. वरून तिसऱ्या कागदाच्या कोपऱ्यात पिन तशीच. तिनं डबा बाहेर काढला, आत टॉर्च मारली, मान तिरकी केली आणि चिमटा घातला. कागद जिथून ड्रमखाली शिरतो तिथल्या काळ्या रुळाच्या खोबणीत, डाव्या कडेपासून बोटभर आत, काहीतरी चमकत होतं. चिमट्यातून पिनेचा अर्धा तुकडा बाहेर आला. तिनं तो त्या ऑर्डरवरच ठेवला, दुसरी जागा रिकामी नव्हती म्हणून.

“ही पिन अडकली तेव्हा आत माझा पाहुणा होता. ओरखडा त्याला इथे पडला, या खोलीत. मग पिन मोडून खोबणीत खाली बसली, म्हणून तुमचा ड्रम वाचला. तो घेऊन मी आवक-जावकला बसवला, न तपासता. तिनं दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, की बसवल्यापासून ठिपका येतोय. मी ऐकलं नाही.”

साहेब त्या तुकड्याकडे बघत राहिले. मग त्यांचा आवाज खाली आला. “म्हणजे पत्र या मशीनवर निघालं?”

“हो.”

“कुणी काढलं?”

“मशीन जागा सांगतं, साहेब. हात कुणाचा ते सांगत नाही.”

खोलीची एक किल्ली साहेबांकडे. दुसरी हेडक्लार्ककडे. सकाळी झाडायला शिपाई. साहेबांची नजर दाराच्या काचेतून बाहेर गेली, हेडक्लार्कच्या टेबलावर थांबली, तिथून शिपायाकडे, आणि परत आली. त्यांना आता तिघांपैकी एकाला धरायचं होतं, आणि त्या तिघांत ते स्वतःही मोजले जात होते, हे त्यांच्या हळूहळू ध्यानात येत होतं.

“नवी चिठ्ठी लिहून देऊ का?” पट्टीबाईनं विचारलं. “हे पत्र साहेबांच्या खोलीतल्या मशीनवर छापलं, अशी? वरच्या कार्यालयाला जोडून पाठवता येईल.”

साहेबांनी खण उघडला, कालची चिठ्ठी काढली आणि तिच्यासमोर चार तुकडे केले. ऑर्डरवरची पिन त्यांनी नखानं टोपलीत उडवली, ऑर्डर मधोमध फाडली आणि तीही टोपलीत गेली. मग म्हणाले, की या विषयावर आता कुणी काही बोलायचं नाही, आवक-जावकचं महिनाअखेरीला नेहमीप्रमाणे होऊन जाईल, आणि तिन्ही मशीनचं आज काय ते उरकून टाका, पुढच्या वेळी ऑफिस दुसऱ्या कुणाला तरी बोलावेल.

“बरं,” ती म्हणाली. याची तयारी ती घरून करून आली होती. बारा वर्षांचं ऑफिस होतं.

बाहेर हेडक्लार्क वाटच बघत होता. आज तो तिच्यासाठी स्वतः खुर्ची सरकवायला उठला. खालच्या आवाजात म्हणाला, काय मग, कुठल्या मशीनवर निघालं म्हणता? विचारताना चष्मा पुसत होता. पुसून झाला तरी पुसत होता. गेली सहा वर्षं त्याची बढती साहेबांच्या टेबलावर पडून होती, हेही तिला ठाऊक होतं. काल असतं तर तिनं त्याच्या चष्म्याकडे, बोटांकडे आणि किल्लीच्या जुडग्याकडे एकदा बघून मनात निकाल देऊन टाकला असता. संशय आजही आलाच. तो काय सांगून येतो? पण तिनं तो जिभेखाली धरला, कडू गोळीसारखा.

“तुमच्या काचेवर धूळ आहे,” ती म्हणाली. “पांढरी रेघ येतेय. पुसून देते.”

काच पुसून झाल्यावर ती खिडकीपाशी गेली. आवक-जावकवाली टपाल फोडत बसली होती. डोळ्यांखाली सुजलेलं. ऑर्डर टाइप होतेय हे ऑफिसात कालच सगळ्यांना कळलं होतं. असल्या बातमीला पास लागत नाही.

पट्टीबाईनं पाहुणा काढला, तिचा डबा बसवला, आणि यावेळी टेस्ट प्रिंट काढली. एक नाही, तीन. पानं स्वच्छ आली. मग तिनं हात पुसले आणि सांगितलं, “ऑर्डर फाटली. तुमचं नेहमीप्रमाणे होईल. माझ्या डब्याचा ठिपका होता तो. तेरा तारखेला तुम्ही फोन केला होतात ते खरं होतं.”

बाईनं कात्री खाली ठेवली. पट्टीबाईला वाटलं आता रडेल, आणि रडणारं माणूस तिला झेपत नसे.

“मग तेव्हा का नाही ऐकलंत?” बाईनं विचारलं.

“तुम्ही कागदाचं खोटं बोलला होतात म्हणून.”

“कागद कपाटातच असतो,” बाई म्हणाली.

गठ्ठा पिंपाशेजारी होता. पट्टीबाईनं तळहात लावून पाहिला. गार. बाईनं तिच्या हाताकडे पाहिलं, गठ्ठ्याकडे पाहिलं, आणि चेहऱ्यावरची एक रेघ न हलवता पुन्हा कात्री उचलून टपाल फोडायला लागली. पट्टीबाईनं वाद घातला नाही. गठ्ठा उचलला, कपाट उघडून वरच्या फळीवर ठेवला आणि दार लावून टाकलं. बाईनं वर न बघता मान थोडी हलवली. ते आभार होते की ‘बघा, कपाटातच आहे’ असं होतं, ते पट्टीबाईला कळलं नाही.

फाटकावर वॉचमननं झोळीत हात घातला, पाहुणा बाहेर काढला, लाल दोऱ्याची गाठ फिरवून पाहिली आणि लिहिलं: एक डबा बाहेर, कोणाचा ते बाईंनाच ठाऊक. तिनं त्याखाली सही केली. रस्ता ओलांडताना फोन वाजला. वकिलाच्या ऑफिसातला कारकून होता. पानावर काळी रेघ येतेय, आणि मशीनला कुणी हात लावलेला नाही, असं तिनं विचारायच्या आधीच त्यानं सांगून टाकलं.

पट्टीबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“कधीपासून येतेय?” तिनं विचारलं, आणि तो सांगत होता ते ऐकत ऐकत झोळी सावरून वकिलाच्या जिन्याकडे वळली.